गोठलेले धबधबे बघायला जॉन्स्टन कॅन्यन : आईबाबा, कॅमेरा आणि जानेवारी

पावसाळी_बेडूक :

मंडळी, मदत हवीये. आम्ही कॅल्गरीत असतो, मागचा हिवाळा हीटरला चिकटून काढला पण ह्या वेळी आईबाबा पुण्याहून आलेत आणि बाबांनी कुठेतरी बॅन्फजवळच्या जॉन्स्टन कॅन्यनच्या (म्हणजे अरुंद, खोल दरीतल्या) गोठलेल्या धबधब्याचा फोटो बघितलाय, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात जायचं घाटतंय. बाबा रोज पर्वती चढणारे त्यामुळे त्यांची काळजी नाही, आईचा मात्र उजवा गुडघा कुरकुरतो.

मला फोटो काढायचेत, म्हणजे मोबाईलवर नाही, नीट. साधा मिररलेस आहे, बरोबर आलेली १८-५५ लेन्स आणि भारतातून आणलेला ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड. सह्याद्रीत पावसाळ्यात ठोसेघर, भांबवली, देवकुंड सगळीकडे कॅमेरा घेऊन फिरलेय, तिथे पावसापासून वाचवायचा एवढंच असतं, इथे नक्की कशापासून वाचवायचा तेच कळत नाहीये. बॅटरी मरते म्हणतात, लेन्सवर दव धरतं म्हणतात, कोण म्हणतं कॅमेरा जॅकेटच्या आत ठेवा, कोण म्हणतं अजिबात ठेवू नका.

नवऱ्याचं म्हणणं की उणे पंचवीसच्या खाली गेल्याशिवाय जाण्यात अर्थ नाही, तेव्हाच धबधबे पूर्ण गोठतात. खरंय का हे? उणे पंचवीसला मी आईला घेऊन कॅन्यनमध्ये जाणार नाहीये हे आधीच सांगून ठेवते. आणि बुटांना काय लावायचं, क्रॅम्पॉन घ्यायचे का? जॉन्स्टन सोडून अजून कुठे गर्दी कमी असेल तर तेही सांगा.


बो_व्हॅलीवाला :

सगळ्यात आधी ते उणे पंचवीसचं डोक्यातून काढ. तू जाशील त्या दिवशी किती थंडी आहे ह्याच्याशी बर्फाचा फार संबंध नसतो गं. तो बर्फ नोव्हेंबरपासून थरावर थर चढत आलेला असतो, धबधब्याचे तुषार कडेला गोठतात, त्यावर परत तुषार, शिवाय कॅन्यनच्या भिंतीतून जे पाणी झिरपत असतं ते अख्खा हिवाळा तिथल्या तिथे गोठत राहतं. तिथे खालचा लोअर फॉल्स आणि वरचा अप्पर फॉल्स असे दोन धबधबे, त्यातल्या अप्परच्या बाजूला जी मोठी निळी-पिवळी भिंत दिसते ना ती बरीचशी ह्या झिरपलेल्या पाण्याचीच. म्हणजे जानेवारीच्या शेवटी उणे आठ असो की उणे अठ्ठावीस, समोरचा बर्फ तोच, फरक फक्त तुझी बोटं चालतायत की नाही एवढाच. मी तर उणे पाच ते उणे बाराचा, ढगाळ आणि वारा नसलेला दिवस शोधतो.

बघायचं असतं ते आधीचे दोनतीन दिवस. कॅल्गरीत राहतेस म्हणजे चिनूक, तो डोंगरावरून येणारा गरम वारा, माहितीच असेल, पश्चिमेकडे ढगांची कमान दिसली की काही तासांत पारा पंधरावीस डिग्रीने वर. तो वारा डोंगरात तेवढा जोरात लागत नाही पण लागतो. तापमान शून्याच्या वर जाऊन राहिलं की बर्फाचे सुळके सुटायला लागतात आणि माणसाच्या उंचीचा सुळका वरून येताना आवाज करत येत नाही. अशा दिवशी भिंतीखाली थांबायचं नाही, आणि थंडी परत आल्यावरही पहिल्या दिवशी मी जवळ जात नाही.

आता वाट. बॅन्फ गावापासून बो व्हॅली पार्कवेने म्हणजे वन-ए ने साधारण २५ किलोमीटर. लोअर फॉल्स सव्वा किलोमीटर, अप्पर अडीच, दोन्ही एका बाजूचं अंतर. चढ अप्परपर्यंत सव्वाशे मीटरच्या आसपास, पर्वतीवाल्या बाबांना काहीच नाही. पुष्कळ ठिकाणी कड्याला ठोकून बसवलेला पूल आहे, खाली ओढा आणि बाजूला कठडा. लोअरपर्यंत आई आरामात येतील पण स्पाइक्स लावूनच, कारण हजारो लोकांच्या पायांनी दाबून दाबून तो रस्ता काचेसारखा झालेला असतो आणि गुडघा दुखतो तो चढताना नाही, घसरू नये म्हणून पाय ताठ धरून उतरताना.

क्रॅम्पॉन नकोत, ते बर्फाची भिंत चढणाऱ्यांचे. साखळी आणि छोटे दात असलेले मायक्रोस्पाइक्स घ्या, बॅन्फमध्ये आणि कॅनमोअरमध्ये भाड्यानेही मिळतात. ते स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं रबर मिळतं ते शहरातल्या फुटपाथला ठीक, इथे टाचेतून निघून येतं.

अप्परला दोन जागा आहेत. एक खालून, पुलाच्या टोकाला, तिथून धबधबा आणि बर्फाची भिंत दोन्ही दिसतं, आणि एक वरून. फोटो खालून. वरून फक्त आलो होतो म्हणून सांगायला.


आय_एस_ओ_शंभर :

वरच्यांनी वाटेचं सांगितलंच आहे, मी कॅमेऱ्याचं सांगतो.

बॅटरी मरत नाही, थंडीत तिची ताकद तात्पुरती कमी होते, गरम केली की बऱ्यापैकी परत येते. दोन जास्तीच्या ठेवा, जॅकेटच्या नाही तर आतल्या थराच्या खिशात, अंगाला लागून. कॅमेऱ्यातली वीस टक्क्यांवर आली की बदला आणि ती आत टाका, तासाभराने तीच परत वापरता येते. हात गरम करायच्या पुड्या मिळतात त्यातली एक त्या खिशात टाकली तर अजून बरं. स्क्रीन सारखी चालू ठेवू नका, फोटो काढला की लगेच बघत बसायची सवय तिथे महागात पडते.

कॅमेरा मात्र जॅकेटच्या आत ठेवायचा नाही, त्यावर दोन मतं असायचं कारणच नाही. आत घामाची ओल असते, ती लेन्सवर बसते आणि बाहेर काढलात की गोठते. कॅमेरा गार झाला की परत येईपर्यंत गारच राहू दे. गळ्यात लटकवा, लेन्सला हूड लावा, झालं.

खरा घोळ होतो तो परत गाडीत बसताना. उणे पंधरातला कॅमेरा एकदम हीटर लावलेल्या गाडीत आणला की त्याच्यावर आणि आतही पाणी धरतं, फ्रीजमधून काढलेल्या बाटलीवर धरतं तसंच. म्हणून बाहेर असतानाच झिपवाल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून, हवा काढून बंद करायचा आणि घरी पोचल्यावर दोनतीन तास उघडायचा नाही. पाणी पिशवीच्या बाहेरून धरेल, धरू दे. पिशवी बंद करायच्या आधी कार्ड काढून घ्या नाहीतर बाबा रात्री फोटो दाखव फोटो दाखव करत बसतील आणि तुम्ही पिशवी उघडाल :)

आता फोटो. समोर सगळं पांढरं असलं की कॅमेऱ्याला वाटतं फार उजेड आहे आणि तो फोटो काळपट करतो. एक्स्पोजर म्हणजे फोटोतला उजेड एक ते दीड स्टॉप वाढवून ठेवा, हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख) उजवीकडे गेलेला पण टोकाला आपटलेला नाही असा. रॉ मध्येच (कॅमेऱ्याची कच्ची फाईल, रंग नंतर बदलता येतात) काढा कारण रंगाची गंमत इथेच आहे. कॅन्यन इतकी अरुंद आहे की जानेवारीतलं ऊन तळाशी जवळपास येतच नाही, सगळीकडे सावलीचा निळा उजेड, त्यामुळे बर्फ निळा, हिम निळं, आईची पांढरी शालसुद्धा निळी. घरी आल्यावर हिम पांढरं वाटेल इतपतच निळं कमी करायचं, पूर्ण काढलंत तर बर्फ दुधाच्या पिशवीच्या रंगाचा होतो. बर्फाचा निळा खोटा नसतो, हवेचे बुडबुडे कमी असलेला जाड बर्फ उजेडातला तांबडा भाग शोषून घेतो म्हणून तो तसा दिसतो. जिथे बुडबुडे भरपूर तिथे पांढरा, आणि मातीतून झिरपून आलेल्या पाण्याचा पिवळसर तपकिरी.

आभाळ फ्रेममध्ये घेऊ नका, वरती पांढरी पट्टी येते आणि नजर तिथेच जाते. गोल्डन अवरसाठी (सूर्योदयाच्या सोनेरी उजेडासाठी) पहाटे उठायची गरज नाही, तिथे गोल्डन काही नसतं. पण गर्दीसाठी लवकर जा, त्या दिवसांत साडेआठच्या आसपास उजाडतं, नऊपर्यंत पार्किंगला पोचलात तर पूल बराच मोकळा मिळतो.

ट्रायपॉड न्या. बर्फाच्या मागून पाणी वाहत असतं, पाव-अर्ध्या सेकंदाच्या शटरला ते रेशमी येतं आणि बर्फ स्थिर, हाच तर फोटो आहे. ॲल्युमिनियमच्या पायांना नळाला लावतात तो फोम गुंडाळा, नाहीतर उघड्या हाताने धरवणार नाही.


कुडकुड :

ट्रायपॉडबद्दल असहमत. पूल हलतो ओ! म्हणजे पडेल असा नाही, पण दोन माणसं पलीकडून स्पाइक्स खडखडवत चालत आली की ट्रायपॉडवरचा कॅमेरा थरथरतो आणि तो अर्ध्या सेकंदाचा फोटो हमखास हललेला येतो, स्क्रीनवर छोटा बघितला तर कळत पण नाही, घरी गेल्यावर कळतं. शिवाय पूल अरुंद, तीन पाय पसरून उभे राहिलात की मागे रांग आणि रांगेत कोणीतरी लहान मूल घेऊन. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) १६०० करा, कठड्याला कोपर टेकवा आणि हातात धरून काढा, आजकालच्या कॅमेऱ्यात तेवढ्याने काही बिघडत नाही.

आणि अख्खा धबधबा एका फ्रेममध्ये कोंबायच्या मागे लागू नका, तसे फोटो बाबांनी बघितलाय तसेच येतात, सगळ्यांचे सारखे. जवळ बघा. लोअरच्या अलीकडे कड्यावरून पडवळासारखे सुळके लोंबत असतात, त्यातल्या काहींच्या आत पाणी वाहताना दिसतं, बर्फाच्या नळीतून बुडबुडे खाली सरकत जातात, थांबतात, परत सरकतात. तुमच्या १८-५५ च्या ५५ ला ते छान येईल, त्यासाठी नवीन लेन्स घ्यायची काही गरज नाही.

लोअरला एक छोटा बोगदा आहे, वाकून जायचं, पलीकडे निघालं की धबधबा अगदी तोंडासमोर. आत तीनचार माणसंच मावतात त्यामुळे तिथे रांग असते, फोटो काय काढायचा ते बाहेर असतानाच ठरवून ठेवा. आणि तुषार आले तर लेन्सवर फुंकर मारायची नाही! श्वासाची वाफ क्षणात गोठते. ब्लोअर किंवा मऊ ब्रश.


आय_एस_ओ_शंभर :

पूल हलतो हे मान्य, पण नऊ वाजता गेलं तर हलवायला असतंच कोण. अप्परच्या टोकाला जो ओटा आहे तिथे तर नक्कीच ट्रायपॉड लावता येतो. बरं, अकरानंतर तुमचं बरोबर.


दगडफूल :

आम्ही नाशिकला बसून वाचतोय, मस्त चाललाय धागा. इकडे महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दव गोठलं की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो, आपली धाव तिथवरच.

पण ज्यांना भारतातच बघायचे असतील त्यांच्यासाठी. लडाखात झांस्कर नदी गोठते त्यावरून चालायचा चादर ट्रेक माहिती असेलच, त्याच्या शेवटी नेरकचा गोठलेला धबधबा आहे, जानेवारी-फेब्रुवारीत. ते मात्र ह्या कॅनडाच्या सहलीसारखं नाही, लेहच ३५०० मीटरवर, आधी तिथे थांबून शरीराला सवय करायची, मेडिकल होतं, त्यात पास झालात तरच परवानगी आणि रात्री तंबूत उणे पंचवीसच्या घरात. चार्जिंग नाही, त्यामुळे बॅटऱ्या स्लीपिंग बॅगमध्ये कुशीत घेऊन झोपायचं, सोबत पाण्याची बाटलीपण, नाहीतर सकाळी तिचा दगड. आणि चादर रोज वेगळी असते, काल जिथून चाललात तिथे आज पाणी वर आलेलं असतं, बरोबरचे झांस्करी लोक काठी आपटून आवाजावरून सांगतात पाय टाकायचा की नाही. आता नदीच्या काठाने रस्ता झाल्यामुळे ट्रेक आखूड होत चाललाय, ज्यांना करायचाय त्यांनी फार पुढे ढकलू नका.

एवढं नको असेल तर काश्मीरमध्ये तंगमर्गजवळ द्रुंगचा धबधबा, गुलमर्गला जाता जाता होतो. कडक थंडी पडली की छान गोठतो, आईबाबांना घेऊन जाण्यासारखा.


उबदार_गोधडी :

बेडूकताई, मी एडमंटनची, माझे सासूसासरे दर एकदोन वर्षांनी हिवाळ्यात येतात त्यामुळे ज्येष्ठ मंडळींचं मी सांगते, कॅमेऱ्यातलं मला कळत नाही.

आईंना सुती काही घालू देऊ नका, आतून थर्मल, मग लोकर किंवा फ्लीस, मग वाऱ्याचं जॅकेट. आपल्या आया साडीखाली नाहीतर सलवारखाली सुती लेगिंग घालतात आणि वर जाड कोट, मग चालून घाम आला की तेच ओलं होऊन थंडी वाजते. मोजे एकावर एक तीन घालून बूट घट्ट करायचे नाहीत, रक्त फिरलं नाही की बोटं जास्त गार पडतात. मिटन, म्हणजे बोटं एकत्र राहणारे, हे बोटांच्या ग्लोव्हजपेक्षा कितीतरी गरम. फोटोवाल्यांना आत पातळ ग्लोव्हज आणि वर मिटन.

बाबांना मधुमेह असेल तर थंडीत पायाची बोटं बधिर झालेली कधीकधी कळत नाहीत, दर अर्ध्या तासाने विचारा, आणि नाक-कान पांढरे दिसतायत का बघा. पांढरं दिसलं तर चोळायचं नाही, झाकायचं आणि उबेत न्यायचं. चोळायची आपल्याकडे फार सवय आहे.

थर्मासमध्ये चहा, आलं घालून. आणि लाडू, चिक्की, खजूर काहीतरी, थंडीत भूक लागली की माणूस अजून गारठतो. वडे-बिडे नेऊ नका, गोठतात. पार्किंगपाशी बाथरूम आहे तिथेच जाऊन घ्या आणि मग चाला. दोन काठ्या घ्या आईंसाठी, टोकाला लोखंडी अणी असलेल्या.

आणि आईंना लोअरपर्यंत नेऊन परत आणायचं आणि मग तुम्ही अप्परला जायचं असं केलंत तर कोणीतरी एक त्यांच्यासोबत थांबा, गाडीत एकटं बसवून ठेवू नका.


पावसाळी_बेडूक :

बाप रे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! नवऱ्याला उणे पंचवीसचं वाचून दाखवलं, तो म्हणतो चिनूकचं त्याला माहितीच होतं. असो.

अजून दोनतीन शंका. १) नवऱ्याकडे ड्रोन आहे, अप्परला वरून उडवला तर? २) बर्फ चढणारे लोक खरंच दिसतात का, त्यांचे फोटो काढले तर चालतं का? ३) गर्दी कमी कुठे हे राहिलंच. बॅन्फच्या उत्तरेला जास्पर राष्ट्रीय उद्यान आहे, तिथलं मॅलिन कॅन्यन करावं का एक रात्र राहून?


बो_व्हॅलीवाला :

ड्रोन घरी ठेव. राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय बंदीच आहे आणि दंड जबर आहे, त्यात आपला छोटाच आहे असलं काही ऐकून घेत नाहीत. त्या अरुंद कॅन्यनमध्ये तो तसाही भिंतीला आपटेल.

चढणारे अप्परला शनिवार-रविवारी बहुतेक असतात. लांबून फोटो काढायला हरकत नाही, उलट लाल-केशरी जॅकेटवालं कोणी भिंतीवर असलं तर तेव्हाच भिंत केवढी मोठी आहे ते फोटोत कळतं, नाहीतर ती तीन मीटरची पण वाटू शकते. फक्त ते चढत असतील तेव्हा कठडा ओलांडून खाली जायचं नाही, कुऱ्हाड मारली की बर्फाचे ताटाएवढे तुकडे खाली येतात. कठडा एरवीही ओलांडायचा नाही. धबधब्याखालच्या डोहावर वरून पांढरा दिसणारा बर्फ किती जाड आहे ते कोणालाच सांगता येत नाही, खाली पाणी वाहतंय. दर वेळी कोणीतरी त्यावर उभं राहून सेल्फी काढत असतं, त्यांचं बघून जाऊ नका.

जाता जाता, त्या कॅन्यनच्या कपारीत उन्हाळ्यात काळ्या पाकोळ्या घरटी करतात, म्हणून त्या दिवसांत वाट सोडून आत शिरायला बंदी असते. हिवाळ्यात त्या इथे नसतातच, ब्राझीलपर्यंत जातात, पक्षी आपल्यापेक्षा शहाणे.

गर्दी कमी म्हणशील तर कॅनमोअरच्या अलीकडे ग्रोटो कॅन्यन. तिथे पूलबिल नाही, गोठलेल्या ओढ्यावरूनच दोन भिंतींच्या मधून चालायचं, भिंतीवर जुनी गेरूची चित्रं आहेत, फार पुसट झालीयेत, हात लावू नका. पुढे एका वळणाशी छोटे गोठलेले धबधबे, चढणं शिकणारे तिथे सराव करतात. बाबा खूश होतील, पण आई नको, पूर्ण वाट बर्फाची. आईंसाठी कॅनानास्किसमधला ट्रोल फॉल्स, झाडीतून जवळपास सपाट वाट आणि शेवटी धबधबा. ह्या दोन्हीला बॅन्फ राष्ट्रीय उद्यानाचा प्रवेश पास चालत नाही, अल्बर्टा सरकारचा कॅनानास्किसचा वेगळा पास गाडीला लागतो.

ह्यापेक्षा आडबाजूच्या धबधब्यांच्या मागे लागू नका. बरेचसे गोठलेले धबधबे जिथे हिमस्खलन होतं त्याच घळीत असतात, पाणी आणि हिम दोघंही उतरायला तीच वाट धरतात. अव्हलांच कॅनडाचं (हिमस्खलनाचा इशारा देणारी संस्था) रोजचं पत्रक वाचता येत नसेल तर जॉन्स्टन, ग्रोटो, ट्रोल एवढंच करा.


कुडकुड :

मॅलिनबद्दल मी सांगतो. फार सुंदर आहे, पन्नास मीटरहून खोल कॅन्यन आणि हिवाळ्यात पाणी इतकं कमी होतं की तळातून चालता येतं, कारण वरच्या मेडिसिन लेकमधून पाणी जमिनीखालून येतं आणि थंडीत ते आटतं. तळात जायचं तर गाईडबरोबरच जा. पण २०२४ च्या जुलैत जास्परला वणवा लागला होता त्यात तिथल्या वाटा आणि पूल सापडले, त्यामुळे आत्ता काय उघडं आहे ते पार्क्स कॅनडाच्या (राष्ट्रीय उद्यानं सांभाळणारं सरकारी खातं) पानावर बघितल्याशिवाय हॉटेल बुक करू नका.

दुसरं म्हणजे रस्ता. लेक लुईसपासून जास्परपर्यंतच्या आइसफील्ड्स पार्कवेवर मोबाईलला नेटवर्क नाही, मधला सस्कॅचवन क्रॉसिंगचा पेट्रोल पंप हिवाळ्यात बंद. टाकी भरून निघायचं, ब्लँकेट आणि फावडं गाडीत. वाटेत वीपिंग वॉल लागते, रस्त्यावरूनच दिसते, अख्खा कडा बर्फाने मढलेला, थांबायच्या जागेतच गाडी लावून फोटो काढा, रस्त्याच्या कडेला नाही.


पावसाळी_बेडूक :

मग आधी जॉन्स्टन आणि ट्रोल, जास्परचं मार्चमध्ये बघू. आमच्या गाडीला ऑल सीझन टायर आहेत, जॉन्स्टनपुरते चालतील ना? नाहीतर भाड्याने गाडी घेतो.


बो_व्हॅलीवाला :

टायरच्या बाजूला डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह आहे का बघ, असेल तर प्रश्न नाही. नुसते ऑल सीझन असतील तर हायवे वन बहुतेक वेळा साफ असतो पण पार्कवेच्या सावलीतल्या वळणांवर मी तरी आईबाबांना घेऊन जाणार नाही. बॅन्फला गाडी लावून रोम ट्रान्झिटची बस मिळते का बघ, हिवाळ्यात रोज नसते, वेळापत्रक बघून तोच दिवस धर. आणि भाड्याने घेणार असशील तर विंटर टायर आहेत का ते बुकिंग करतानाच विचार आणि लेखी घे, गाडी घ्यायला गेल्यावर काउंटरवर विचारलंस तर तोपर्यंत उशीर झालेला असतो. आइसफील्ड्स पार्कवेला तर नोव्हेंबर ते मार्चअखेर ते सक्तीचेच आहेत, म्हणजे तुझं मार्चचं जास्परसुद्धा त्यातच आलं.